दिवाणात ठेवलेल्या काश्मिरी गालिच्याला कसर लागलीये, घरच्या घरी काय करता येईल?

चाफा_औंध | १२ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

सासरे फौजेत होते, १९८४ च्या सुमारास श्रीनगरला पोस्टिंग असताना त्यांनी तिथून एक गालिचा आणला होता. चार बाय सहा फूट, मरून रंगाचा, मधे क्रीम रंगाचं मोठं फूल आणि काठाला वेलबुट्टी. पावती बिवती काही नाही. या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मुलगा रांगत होता, म्हणून सासूबाईंनी तो घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर चार डांबरगोळ्या टाकून दिवाणाच्या खणात ठेवून दिला, तो ठेवला तो ठेवलाच. आठ वर्षं कोणी हात लावला नाही. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हौसेने काढून हॉलमध्ये अंथरला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि त्याच दिवशी कोणाच्या तरी हातून करंडा कलंडला.

तर आता परिस्थिती अशी. एक, काल दिवाण सरकवला तर गालिच्याचा जो भाग त्याच्या खाली गेला होता तिथे तळहाताएवढा पॅच उघडा पडलाय, खालचे पांढरे दोरे दिसतायत, आणि आजूबाजूला वाळूसारखे बारीक कण आणि जाळीसारखं काहीतरी. दोन, हळदीचा डाग मी लगेच ओल्या फडक्याने साबण लावून पुसला तर तो लालभडक झाला, आता फिकट विटकरी आहे. शेजारी कुंकवाचाही आहे. तीन, एका बाजूच्या दशा आमच्या रोबो व्हॅक्यूमने गिळल्या (हसू नका), चार-पाच ठिकाणी तुटल्यात.

घरी येऊन सोफे धुणाऱ्या एकाला फोन केला तर म्हणाला मॅडम मशीनने शाम्पू करून देतो, दशा कापून टाकू आणि नवीन लेस शिवून देऊ, एकदम नव्यासारखा. सासूबाई म्हणतात कशाला पैसे घालवतेस, गच्चीत टाक, ईझी घाल आणि पाइपने धू. पावसाळा तोंडावर आलाय, जे काय करायचं ते या पंधरा दिवसांत करावं लागेल. कोणी केलंय का हे?

निवांत_नाना | १२ मे, रात्री १०:५२

एवढं काय त्यात. बेकिंग सोडा आणि जाडं मीठ भुरभुरवायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी झाडून काढायचं. मग गच्चीत चांगलं दोन दिवस कडक उन्हात. आमच्या सतरंज्या आम्ही वर्षानुवर्षं अशाच धुतो, काही होत नाही. सासूबाईंचं बरोबर आहे.

ताणाबाणा | १३ मे, सकाळी ७:३०

नाना, सतरंजी सपाट विणीची असते आणि बहुतेक सुती, ती धोपटा, पिळा, काही होत नाही. हा गाठींचा गालिचा आहे. सोडा आणि मीठ तर अजिबात नको. दोन्ही बारीक होऊन गाठींच्या मुळाशी जाऊन बसतं, झाडून कधीच पूर्ण निघत नाही, आणि जुलै महिन्यात मीठ काय करतं ते आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत बघा.

चाफाताई, मी भदोहीला (उत्तर प्रदेशात, गालिच्यांसाठी प्रसिद्ध) सहा वर्षं एका गालिच्यांच्या एक्स्पोर्टरकडे क्वालिटी बघायचो, आता पुण्यात वेगळ्याच धंद्यात आहे, पण गालिचा दिसला की हात शिवशिवतात. आधी एक करा, त्या सोफेवाल्याला नाही म्हणून सांगा. दशा म्हणजे वरून शिवलेली झालर नव्हे. गालिचा मागावर असताना जे उभे दोरे ताणलेले असतात, ज्यांच्यावर प्रत्येक गाठ बांधलीये, त्यांचीच ती टोकं. त्या कापून लेस शिवली की शेवटच्या ओळीच्या गाठी हळूहळू सुटायला लागतात, स्वेटर उसवतो तसं, आणि मग काठ आत आत सरकतो. तुमच्या चार-पाच तुटल्यात तेवढ्याने काही बिघडत नाही. सध्या एवढंच करा, सुती दोरा आणि सुई घेऊन त्या कडेला पाठीमागून काजं करतो तशी साधी शिलाई मारून ठेवा, दोरे जिथे संपतात तिथे, म्हणजे पुढे उसवणार नाही. आणि रोबोला त्या खोलीत बंदी. साधा व्हॅक्यूमसुद्धा दशांवरून फिरवायचा नाही, आणि ज्याच्या तोंडाला फिरता ब्रश असतो तो तर गालिच्यावर चालवायचाच नाही, नुसत्या सक्शनने करायचं.

आता कसर. मोठं नुकसान तिचंच आहे म्हणून जरा सविस्तर.

ते उडणारं पिवळट छोटं पाखरू काही खात नाही, मोठं झाल्यावर त्याला खायला तोंडच नसल्यासारखं असतं. खाते ती अळी. तिला लोकर पचते, केस, पीस, लोकर या सगळ्यांत जे प्रथिन असतं ते पचवणारे थोडेच जीव आहेत त्यातली ही एक. सुती दोरा तिला नको असतो. म्हणून तर तुम्हाला खालचे पांढरे दोरे शाबूत दिसले, वरची लव तेवढी गेली. ही चांगली बातमी आहे, ताणाबाणा (उभे-आडवे दोरे) जागेवर असेल तर नव्या गाठी घालता येतात. वाळूसारखे कण ही तिची विष्ठा, आणि ज्या रंगाची लोकर खाल्ली त्याच रंगाची असते, मरून गालिच्याखाली मरून वाळू. नीट बघा.

पाखरू अंडी घालतं ती अंधारात, जिथे हालचाल नाही, वारा नाही तिथे. म्हणजे दिवाणाखाली, कपाटामागे, सोफ्याच्या पायाजवळ. हॉलच्या मध्यावर, जिथे रोज चार माणसं पाय ठेवतात तिथे कसर लागलेली मी फार क्वचित पाहिलीये. तुमच्याकडे आठ वर्षं पिशवीत आधीच लागली असणार, जानेवारीपासून दिवाणाखाली तिला परत हवी तशी जागा मिळाली. डांबरगोळ्या पिशवीत वर टाकून घडीच्या आतपर्यंत काही होत नाही, आणि त्या उडून गेल्यावर पुन्हा कोणी घालत नाही. शिवाय लहान मूल आहे घरात, त्या वासापासून मुलांना लांबच ठेवा, काही मुलांना (जी६पीडी एन्झाइम कमी असलेल्यांना) डांबरगोळीने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्यापर्यंत त्रास होतो.

करायचं असं. सकाळी आठच्या आत गच्चीत किंवा पार्किंगमध्ये एक जुनी पांढरी चादर अंथरा. गालिचा तिच्यावर पालथा, तोंड खाली. मग पाठीवर लाटण्याने किंवा हाताच्या पंजाने हलके हलके थोपटत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. दोरीवर टाकून दांडक्याने बडवायचं नाही, चाळीस वर्षांचा सुती दोरा आहे, मोडेल. मग दोघांनी धरून उचला आणि चादर बघा. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण गप्प होतो, कारण आपण रोज व्हॅक्यूम करतोय अशा गालिच्यातूनही ओंजळभर वाळू निघते. ही वाळूच खरी गालिचा खाते, पाय पडला की प्रत्येक कण करवतीसारखा लोकरीच्या मुळाशी घासतो. थोपटा, झाडा, परत थोपटा, कण पडायचे थांबेपर्यंत. मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम, पाठीमागून सुद्धा, आणि ती व्हॅक्यूमची पिशवी लगेच बाहेर फेका, घरात ठेवलीत तर अळ्या परत.

ऊन द्यायचं पण पालथ्यालाच. रंगाची बाजू दोन दिवस पुण्याच्या मे महिन्यात टाकलीत तर मरूनचा जो काय होईल तो तुमचा तुम्ही बघा. पाठीला तीन-चार तास, मग सुलटा करून जेमतेम पंधरा मिनिटं, उजेड दिसला की अळ्या पळतात आणि दिसतात, वेचता येतात. आठवड्याच्या अंतराने तीनदा करा, कारण अंडी एकदम फुटत नाहीत. दिवाणाचा खण, त्याच्या फटी, मागची स्कर्टिंग, सगळं व्हॅक्यूम करा.

डाग आणि धुण्याचं नंतर लिहितो, ऑफिसला उशीर होतोय. तोवर एक सांगा, लव लोकरीची आहे की रेशमाची?

चाफा_औंध | १३ मे, सकाळी ९:०५

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून धन्यवाद. सोफेवाल्याला आत्ताच नाही म्हणून कळवलं. रेशीम की लोकर ते कसं ओळखायचं? सासूबाई म्हणतात रेशमी आहे, सासरे तेव्हा तसंच म्हणाले होते म्हणे. चमक आहे खरी, पण हाताला जरा खरखरीत लागतो.

मस्कतकर | १३ मे, दुपारी १:२०

थांबा थांबा, रेशीम म्हणाल्या म्हणून लिहितोय. पाणी लावायच्या आधी हे नक्की करा.

मी २०१५ ला फिरायला गेलो असताना एका टूरिस्ट दुकानातून "प्युअर सिल्क" म्हणून छोटा गालिचा घेतला, दोन बाय तीन, दुकानदाराने चहा पाजला, सर्टिफिकेट दिलं, सगळं साग्रसंगीत. घरी आल्यावर दोन वर्षांनी बायकोच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला. साधं पाणी हो, सरबतही नाही. वाळल्यावर तिथे पिवळा चट्टा आणि लव चिकटून पुठ्ठ्यासारखी कडक. तेव्हा कळलं की ते व्हिस्कोज होतं, म्हणजे नकली रेशीम, ज्याला बाजारात आर्ट सिल्क म्हणतात, बांबू सिल्क म्हणतात, अजून चार नावं आहेत. ओलं झालं की त्याची ताकद निम्मीअर्धी होते. त्यावर काही इलाज नाही, आता देवघरासमोर आहे उलटा करून.

ओळखायचं असं, खालच्या बाजूने लवेचा एकच तंतू सुईने ओढून काढा आणि चिमट्यात धरून काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि काळी गोळी चुरगळली तर रेशीम किंवा लोकर. कागद जळल्याचा वास आला आणि मऊ राखाडी राख पडली तर व्हिस्कोज किंवा सुती. नाकाला लगेच कळतं.

ताणाबाणा | १३ मे, रात्री ९:४८

मस्कतकर, अगदी बरोबर आणि वाईट वाटलं वाचून. काडी लावताना बेसिनवर करा फक्त.

चाफाताई, हाताला खरखरीत म्हणताय आणि कसरीने एवढी आवडीने खाल्लीये म्हणजे माझी पैज लोकरीवर. चांगल्या लोकरीलाही चमक असते. काश्मिरात लोकर, रेशीम दोन्हींचे होतात, आणि ताणा बहुतेक वेळा सुतीच.

हळदीचं आधी. साबण अल्कधर्मी, हळद त्यात लाल होते, शाळेत लिटमससारखा हळदीचा कागद केला असेल तोच प्रकार. घाबरायचं कारण नाही. कपभर गार पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर, त्यात पांढरं सुती फडकं बुडवून घट्ट पिळून डागावर नुसतं दाबायचं, उचलायचं, फडक्याची कोरडी जागा घेऊन परत दाबायचं. घासायचं नाही, घासलं की लव फुटते आणि डाग गेला तरी तिथे कायमचा भुरकट ठिपका दिसतो. लाल जाऊन पिवळा झाला की मग हळदीचा खरा शत्रू वापरा, ऊन. आपल्या बायका हळदीच्या साड्या उन्हात का टाकतात? हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. बाकी गालिच्यावर जाड चादर टाकून तेवढा डाग उघडा ठेवून रोज अर्धा तास. चार-पाच दिवसांत फरक दिसेल.

कुंकवाचं मात्र मी खात्री देत नाही. जुनं कुंकू हळदीचंच असायचं, आता पुडीत कुठला रंग असतो देव जाणे. कोरडं होतं तेव्हाच चमच्याच्या कडेने उचलून व्हॅक्यूम केलं असतं तर निम्मं काम झालं असतं, पुढच्या वर्षी लक्षात ठेवा. आता तो धुणाऱ्यासाठी सोडा.

आणि कुठलंही पाणी लावायच्या आधी रंग परीक्षा. पांढरा रुमाल त्याच पाण्यात भिजवून, पिळून, मरून भागावर कोपऱ्यात दोन मिनिटं दाबून धरा. रुमाल गुलाबी झाला तर तुमचा गालिचा घरी धुवायचा नाही, संपलं. मरून उतरून क्रीमच्या फुलात गेला तर तो परत येत नाही.

रुमाल पांढरा राहिला तरी सासूबाईंचा पाइप नकोच. ईझी लोकरीसाठी असतं हे कबूल, प्रश्न साबणाचा नाही, वाळण्याचा आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के दमटपणा पिऊनही हाताला कोरडीच लागते. वरून वाळला वाटेल, आतला सुती ताणा ओला असेल, आणि दोन दिवस तसा राहिला की बुरशी. सुती दोरा कुजला की गालिचा दुमडताना पापड मोडल्यासारखा कट कट आवाज येतो, तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. तुमचा आत्ताच हळू दुमडून कान लावून बघा, आठ वर्षं प्लॅस्टिकमध्ये होता म्हणून सांगतोय. आवाज आला तर धुणं विसरा, आधी जाणत्या माणसाला दाखवा.

धुणाऱ्याला फोनवर तीन गोष्टी विचारा. धुण्याआधी धूळ काढता का आणि कशी? वाळवता कुठे, सपाट की टांगून, आणि किती तासांत? दशा पांढऱ्या करायला काय वापरता? "ब्लीच" म्हणाला की फोन ठेवा, क्लोरीनचं ब्लीच लोकर अक्षरशः विरघळवतं. आणि "तुमच्या घरी येऊन दोन तासांत करून देतो" म्हणणारा गालिचा धूत नसतो, वरून फेस फिरवत असतो, तो साबण आत राहतो आणि महिन्याभरात आधीपेक्षा जास्त मळतो.

पॅचसाठी रफूवाला हवा. आपल्याकडे शालींचे रफूगार असतात, नजीबाबादचे तर त्यासाठी नावाजलेले, पण शालीचं रफू वेगळं आणि गाठ घालणारा वेगळा, विचारून घ्या. त्याला हे विचारा की उघड्या दोऱ्यांवर नव्या गाठी घालणार की वरून लोकर चिकटवणार. चिकटवणारे आहेत, गंमत नाही.

आणखी एक हौस म्हणून करा. गालिचा पालथा घालून पट्टी ठेवा आणि एका इंचात आडव्या किती गाठी, उभ्या किती, मोजा. एकाच रंगाचे दोन दाणे शेजारी चिकटून दिसत असतील तर ती एक गाठ. समजा १८ बाय १८ निघाल्या तर चौरस इंचाला ३२४, चार बाय सहाच्या गालिच्यात ३४५६ चौरस इंच, म्हणजे अकरा लाखांवर गाठी. प्रत्येक गाठ बोटांनी. काश्मिरात हे तालीम बघून करतात, कुठल्या रंगाच्या किती गाठी याची खुणांच्या लिपीत लिहिलेली कागदाची पट्टी, एकजण म्हणतो आणि बाकीचे विणतात. ते बघितल्यापासून मी कोणाच्याही गालिच्यावर चपला घालून जात नाही.

टेम्सकाठी | १४ मे, दुपारी ३:३०

धाग्यांवरचा धागा छान रंगलाय :) काही नवीन सांगत नाही, उन्हावरून आठवलं म्हणून.

इथे लंडनला व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्ये इराणातला अर्दबीलचा गालिचा आहे, १५३९-४० सालचा, साधारण साडेदहा मीटर बाय सव्वापाच मीटर, हॉलच्या मध्यभागी जमिनीवर काचेत अंथरलेला. आम्ही मुलांना घेऊन गेलो तर अंधार. म्हटलं लाइट गेले की काय इथेपण! तर दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे लावतात, रंग उडू नयेत म्हणून, तेही मंद. पोरं कंटाळली, मी मात्र दोन फेऱ्यांपर्यंत थांबले. घरी आल्यावर बाल्कनीच्या दारासमोरचा आमचा गालिचा सरकवला, तर सोफ्याखालचा निळा आणि उन्हातला निळा यांचं एकमेकांशी नातं उरलेलं नव्हतं. आता दर सहा महिन्यांनी अर्धा फिरवते, डोकं तिकडे पाय इकडे, म्हणजे निदान सगळीकडे सारखा उडेल.

मनीची_आई | १४ मे, रात्री ८:१०

कसरीवर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचा विचार असेल आणि घरात मांजर असेल तर आधी औषधाचं नाव विचारा प्लीज. परमेथ्रिन बऱ्याच कीटकनाशकांत असतं, माणसांना आणि कुत्र्यांना फारसं नाही पण मांजरांना विष आहे. आमची मनी एकदा थरथरायला लागली होती, डॉक्टरांकडे पळवली म्हणून वाचली. फिशटँक असेल तरी तेच, माशांना फार वाईट.

माझा प्रश्न: मनीने गालिच्याच्या एका कोपऱ्याला तीर्थस्थान केलंय. वाळल्यावर रंगच बदलला तिथला. व्हिनेगर चालेल?

ताणाबाणा | १४ मे, रात्री १०:३०

ताजं असतानाच व्हिनेगरचं पाणी कामाचं. वाळून जुनं झालं की ते अल्कधर्मी होतं आणि रंगावर परिणाम करून बसतं, बदललेला रंग धुण्याने परत येत नाही. वास मात्र पूर्ण बुडवून धुतल्याशिवाय जात नाही कारण ते खाली सुती ताण्यात झिरपलेलं असतं, आणि वास राहिला तर मनी परत तिथेच. धुवून आणा आणि काही महिने ती खोली बंद.

वालचंदनगरी | १५ मे, सकाळी ६:५५

आमच्याकडे गालिचे नव्हते, घोंगड्या होत्या, पण लोकर ती लोकर. आजी घोंगडी कधी धूत नसे. दसऱ्याच्या आधी बाजेवर टाकून वेताच्या काठीने थोपटायची, ऊन द्यायची आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ट्रंकेत. तरी कसर लागायचीच एखादीला, म्हणजे वेखंडाने अडते पण मरत नाही असं माझं मत. आजीची खरी युक्ती पाल्यात नव्हती. ती पावसाळा संपेपर्यंत दर अमावस्येला ट्रंक उघडून सगळं हलवायची. आम्हाला वाटायचं काही धार्मिक आहे. नसावं, तारीख लक्षात राहावी म्हणून असेल.

आणि भिंतीवर ते राखाडी चपटे, भोपळ्याच्या बीसारखे कोष चिकटलेले असतात ना, दोन्हीकडून तोंड असलेले, एक अळी त्यातून डोकं काढून चालते? आपण धूळ समजून सोडून देतो. ती पण कसरीच्याच जातीतली, कोळ्याची जळमटं खाते आणि लोकर मिळाली तर लोकर. दिवाणामागची भिंत बघा.

चाफा_औंध | २४ मे, संध्याकाळी ७:४०

अपडेट देते, उशीर झाला त्याबद्दल सॉरी.

काडी परीक्षा केली, केस जळल्याचा वास, आणि तंतू जाडसर कुरळा, त्यामुळे लोकरच. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या मग तुमच्या सासऱ्यांनी मला रेशमी म्हणून का सांगितलं, आणि दिवसभर फोटोकडे बघून नाराज होत्या.

दुमडून कान लावला, आवाज नाही, हुश्श. रुमाल ठेवला तर फिका गुलाबी झाला. दोन ठिकाणी केला, दोन्हीकडे तेच. त्यामुळे पाइप रद्द, सासूबाईंनीही रुमाल स्वतः बघितला तेव्हा मान्य केलं.

चादरीचं काय सांगू. ताणाबाणा म्हणाले तसंच गप्प झाले मी. पहिल्या दिवशी खरंच ओंजळभर, त्यात एक कानातलं, तांदळाचे दाणे आणि बारीक मरून वाळू. सासूबाई म्हणाल्या यात काही श्रीनगरची पण असेल. आत्तापर्यंत दोनदा झालं, दुसऱ्यांदा चार अळ्या दिसल्या, तिसरं येत्या रविवारी. वालचंदनगरी, दिवाणामागच्या भिंतीवर ते भोपळ्याचे कोष सतरा निघाले, मोजले मी, आम्ही खरंच धूळ समजत होतो. आजीची अमावस्या घेतलीये, मोबाइलवर रिमाइंडर लावलाय.

हळदीचा लाल व्हिनेगरने तिसऱ्या दाबण्यात पिवळा झाला, समोर रंग बदलताना बघून मुलगा इतका खूश झाला की आता त्याला स्वयंपाकघरात प्रयोग करायचेत. ऊन देऊन पाच दिवस झाले, मला माहितीये म्हणून दिसतो, पाहुण्याला दिसणार नाही. कुंकू आहे तसंच.

दोन धुणाऱ्यांना फोन केले. पहिला ब्लीच म्हणाला, ठेवला. दुसऱ्याने उलट मलाच विचारलं की रंग जातो का बघितलं का, धूळ काढलीत का, आणि म्हणाला पावसाच्या आत आणलात तरच घेतो नाहीतर ऑक्टोबरमध्ये या, मी जून ते सप्टेंबर गालिचे धूत नाही. हाच बरा वाटतोय. तरी ऑक्टोबरपर्यंत थांबावं म्हणते, आधी कसर पूर्ण जाऊ दे. तोवर ठेवायचा कसा? दिवाणात तर नाहीच.

ताणाबाणा | २४ मे, रात्री ९:१५

सतरा! एवढे मीसुद्धा एका जागी पाहिले नाहीत.

ठेवूच नका. हॉलमध्ये अंथरा, पूर्ण उघड्यावर, कशाच्याही खाली अर्धवट नको, आणि वापरा. फक्त वर कुंडी ठेवू नका, कुंडीखालचा गालिचा गोल आकारात कुजतो. अगदीच गुंडाळावा लागला तर घडी नको, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर सुती चादर गुंडाळून त्यावर गालिचा, वरून परत चादर, प्लॅस्टिक नाही, आणि जमिनीपासून उंच. रुमाल गुलाबी झाला हे त्या धुणाऱ्याला नक्की सांगा, तो त्याप्रमाणे पाणी घेईल.

गाठी मोजल्या का?

चाफा_औंध | २४ मे, रात्री ९:५०

मोजल्या, मुलाने आणि मी वेगवेगळ्या, दोघांचं उत्तर १६ बाय १६. त्याने पाटीवर गुणाकार केला, आठ लाख चौऱ्याऐंशी हजार सातशे छत्तीस. आणि मग विचारलं की आई, आपल्या पॅचमधल्या किती गेल्या. पट्टी घेऊन बसलाय आत्ता. रफूवाले शनिवारी बघायला येणार आहेत, गाठ घालतात असं म्हणाले फोनवर, काय सांगतात ते लिहिते.